मजला खाली येण्याआधी

१

बाकावर बाबा नव्हते.

धाकटीने बाकामागे पाहिलं, शेजारच्या स्वच्छतागृहात डोकावून पाहिलं, तळघराचा तो लांबलचक बोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथा घातला. कोणी नाही. फक्त एक फोन घेण्यापुरती ती जिना चढून वर गेली होती, कारण तळघरात आवाज तुटत होता. "इथेच बसा हं बाबा, हलू नका," असं तिने बजावलं होतं आणि बाबांनी शहाण्यासारखी मान हलवली होती. त्या मान हलवण्यावर विसंबल्याबद्दल तिने स्वतःला काय काय म्हणून घेतलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

बरं, बाई काही वेंधळी नव्हे. विमा कंपनीत दाव्यांची तपासनीस. जळलेली दुकानं, भिजलेली गोदामं, चोरीला गेले म्हणून सांगितलेले दागिने. लोकांचं खोटं कुठे उसवलंय ते शोधायचाच तिला पगार मिळायचा. आणि सख्खा बाप भर दिवसा हातचा गेला!

तेवढ्यात डोक्यावर घंटा वाजली. अख्खा बोळ थरथरला, भिंतीपलीकडून लोखंडाचा गुरगुराट सुरू झाला आणि मधल्या दालनाचा प्रचंड मजला सावकाश खाली यायला लागला.

"झालं यांचं सुरू," ती वैतागून पुटपुटली आणि बाबांना शोधायला जिन्याकडे धावली. पुढे कितीतरी दिवस या एका वाक्याने तिची झोप उडवली.

२

हे कलाघर म्हणजे एक अजब प्रकरण होतं. त्याच्या भिंती रुळांवरून सरकायच्या, छप्पर अख्खंच्या अख्खं चाकांवर बसलेलं, पाहिजे तेव्हा पुढच्या चौकावर जाऊन उभं राहायचं. पण लोक लांबून यायचे ते मधल्या दालनाचा मजला बघायला. एवढा मोठा मजला, पण उघडत-मिटत वरखाली होणाऱ्या एका लोखंडी कात्रीवर तोललेला. सकाळी तो वर, रस्त्याच्या पातळीला. तिथे चित्रं मांडायची. दुपारी अर्ध्यावर, तिथे तालमी. आणि संध्याकाळी अगदी तळाला टेकलेला, म्हणजे खोल दालन तयार, भोवती पायऱ्यांवर श्रोते. मजला वर असला की खाली मोठा रिकामा खड्डा असे. मजला तळाला टेकला की खड्डा म्हणून काही उरतच नसे.

बाबांनी वर्तमानपत्रात त्याचा फोटो पाहिला आणि विचारलं, "हा कशावर उचलतात?"

घरात सगळे एकमेकांकडे बघत राहिले. कितीतरी महिन्यांत बाबांनी आपणहून एक अख्खा प्रश्न विचारला नव्हता. विसरण्याच्या आजाराने आधी चष्मा नेला, मग घरची गल्ली, मग आई गेलेली आहे हेच नेलं. रोज संध्याकाळी ते विचारायचे, ही अजून आली नाही? म्हणून त्या प्रश्नाच्या आनंदात धाकटी त्यांना इथे घेऊन आली.

बाबांचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं तर आधी विजेचा मुख्य खटका बंद करायचा, त्याला आपलं स्वतःचं कुलूप ठोकायचं आणि किल्ली गळ्यात अडकवायची. कुलूप लटकतंय म्हणजे खाली माणूस आहे. ज्याने लावलं त्यानेच वर येऊन काढायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो मालक का असेना. बाबांचं कुलूप पितळी, मुठीएवढं. नोकरी संपून वर्षं लोटली तरी ते कोटाच्या डाव्या खिशात असे. त्याच्या वजनाने अस्तर फाटायचं, आई शिवायची, ते पुन्हा फाटायचं, आई पुन्हा बडबडत शिवायची. बाबा चपला उलट्या घालायचे, पण सकाळी कुलूप खिशात आणि किल्ली गळ्यात हे कधी चुकलं नाही.

त्या दिवशी सकाळच्या सहलीत गाईड पोरीने सगळ्यांना तळघर दाखवलं. आधी चालकाची खोली, तिथला मुख्य खटका. मग खड्ड्याचं दार उघडून आतली कात्री. मजल्याची थोडी हालचाल करूनही दाखवली. लोक "अबब" म्हणाले. बाबांनी मान तिरपी करून ऐकलं आणि म्हणाले, "डावीकडचं चाक कोरडं आहे."

"हो का बाबा?" धाकटी हसून म्हणाली आणि तिचा फोन वाजला.

३

"हे बघा," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या, "वडील बाहेर गेलेत."

पडद्यावर मुख्य दाराच्या कॅमेऱ्याचं चित्र होतं. तपकिरी कोट घातलेला एक माणूस, कॉलर वर, मान खाली, पाठमोरा, दारातून बाहेर पडताना. मजला अर्ध्यावर येऊन थांबला, त्याच्या नंतरचं हे चित्र.

"कोट बाबांचाच आहे," धाकटी म्हणाली. "पण मग इतका वेळ ते होते कुठे? बाकावरून तर मजला हलायच्या आधीच गायब झाले होते."

"अहो, विसराळू माणूस. भटकत असतील."

तेवढ्यात दादा घामाघूम होऊन पोचला. आल्या आल्या त्याने तोंड सोडलं. "तुला शंभरदा सांगितलं, एकटं सोडायचं नाही म्हणून! कुठला फोन एवढा अडला होता?"

"आत्ता नको ना, दादा."

"आत्ता नको तर कधी? बाबा नाल्यात सापडल्यावर?" बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. तिच्या डोक्यावर हात ठेवून तो तसाच पोलिसांबरोबर रस्ते शोधायला पळाला.

धाकटी मात्र तिथून हलेना. तिने एकेकाला गाठायला सुरुवात केली.

व्यवस्थापक घड्याळाकडे बघतच बोलत होता. "बाई, खड्ड्यात कोणी असणं शक्यच नाही. मजला अर्ध्यावर असला की ते दार आपोआप अडकतं. आणि मजला हलवण्याआधी आमचा चालक आत हाक मारतो, खटका तपासतो. तीस वर्षांचा अनुभव आहे त्याला. संध्याकाळी मैफल आहे, मोठमोठी माणसं येणार आहेत. मजला वेळेवर तळाला गेला पाहिजे. एक मिनिट उशीर झाला तर चालकाने घरी बसावं, असं मी सांगूनच ठेवलंय."

गाईड पोरगी रडवेली झाली होती. "मी दार लावलं होतं, ताई. खड्ड्याचं दार. नक्की लावलं होतं." दोनदा म्हणाली. लोक एखादी गोष्ट दोनदा म्हणतात तेव्हा धाकटी ती मनात बाजूला काढून ठेवते.

चालकाला सगळे कप्तान म्हणत. पांढऱ्या मिशा, निळा डगला, गळ्यात दोरीला बांधलेली किल्ली. ती किल्ली बघून धाकटीला भडभडून आलं. त्यानेच तिला बाकावर बसवलं आणि चहा आणून दिला. बशीत निम्मा चहा सांडला होता.

"मी हाक मारली होती, ताई," तो म्हणाला. "मजला हलवण्याआधी मारतोच. खणखणीत." मग जरा थांबून, "वडलांना... ऐकायला बरं येतं ना?"

"कानात यंत्र असलं तर येतं. नसलं तर शेजारी तोफ उडाली तरी पत्ता नाही. घरी आम्ही पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवतो. दोन हळू, एक जोरात. हाताला कळतं त्यांच्या."

कप्तानाने मान हलवली. तो निघून गेला, आणि स्वतःचा चहा तिथेच विसरला.

वर मधल्या दालनात मैफलीच्या खुर्च्या लागायला सुरुवात झाली होती. इतक्यात दादाचा फोन आला. त्याला बोलताच येत नव्हतं. शेवटी पलीकडून इन्स्पेक्टर बाईंनीच फोन घेतला.

"कोट सापडला," त्या म्हणाल्या. "नदीच्या पुलावर. कठड्याला अडकवलेला."

४

पूल कलाघराच्या मागेच होता. कोट आणला तेव्हा दादा जमिनीवर बसकण मारून लहान पोरासारखा रडत होता. "दोन दिवसांनी आपण त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार होतो. त्यांना कळलं असेल गं. सगळं विसरले तरी हे कळलं असेल."

नदीत होड्या उतरल्या होत्या. गळ टाकून तळ चाचपत होते. क्षणभर धाकटीलाही वाटलं, संपलं. पण हातात कोट होता आणि हातांना तपासायची सवय होती. रडता रडता ते शिवणी चाचपायला लागले.

डावा खिसा रिकामा. अस्तर फाटलेलं, पण कुलूप नाही.

आतल्या खिशात रुमालाची पुरचुंडी. सोडली, तर त्यात कानातलं यंत्र.

आणि उजवी बाही फुगलेली. तिने हात घातला तर लोकरी मफलर बाहेर आला. बाहीत खोलवर, गच्च कोंबलेला.

धाकटीने डोळे पुसले. "इन्स्पेक्टर बाई, मला ते कॅमेऱ्याचं चित्र पुन्हा दाखवा."

"कशाला जिवाला त्रास करून घेता?"

"दाखवा म्हणते ना!"

५

पडद्यावर तोच माणूस पुन्हा दारातून बाहेर पडला.

"थांबवा. उजवी बाही बघा," धाकटी म्हणाली. "लोंबतेय. आणि लोंबताना जाड दिसतेय. त्यातून हात बाहेर आलेला नाही. कोट नुसता खांद्यावर टाकलाय."

"मग?"

"मफलर आधीपासून बाहीत होता, म्हणून हात शिरलाच नाही. हा कोट घरून अंगात घालून आलेल्या माणसाने घातलेला नाही. कुठेतरी काढून ठेवलेला कोट दुसऱ्याच कोणीतरी उचलून खांद्यावर घेतलाय."

दादाने मान वर केली. इन्स्पेक्टर बाई खुर्ची ओढून बसल्या.

"बाबा मफलर बाहीत कधी कोंबायचे, आठव दादा. यंत्राजवळ जाताना. सैल काही अंगावर नको, म्हणून आधी मफलर काढायचा, कोट काढायचा, मफलर बाहीत घालून कोट खुंटीला. कानातलं यंत्रही तेव्हाच काढायचे. मोटरजवळ ते शिट्ट्या मारतं. पुलावर जीव द्यायला निघालेला माणूस कानातलं यंत्र रुमालात बांधून ठेवेल होय? ते काम करायला गेले होते!"

"आणि कुलूप?" दादाने विचारलं.

"कुलूप खिशात नाही, म्हणजे लावलंय. खड्ड्यात उतरताना खटक्याला लावलं असणार. हे बाबा विसरणार नाहीत. आपल्याला विसरतील."

इन्स्पेक्टर बाईंनी गाईड पोरीला बोलावलं. नुसतं बघितलं तिच्याकडे. "दार उघडं राहिलं होतं," पोरगी हुंदके देत म्हणाली. "मला वाटलं दुसरी सहल लगेच आहे, कशाला लावा. ताई, मला माफ करा."

"पण कुलूप लावलं होतं तर मजला हललाच कसा?" व्यवस्थापक ओरडला. "खटका वळतच नाही! म्हणजे तुमचे वडील तिथे नव्हतेच. सिद्ध झालं! मैफलीची माणसं दारात येऊन उभी आहेत. चालकाला सांगतो, मजला खाली घे."

तो फोनकडे वळला. त्याच्या आधी धाकटी जिन्याकडे धावत सुटली.

६

चालकाच्या खोलीत कप्तान स्टुलावर बसला होता. धाकटीमागोमाग सगळे धापा टाकत आत शिरले. दारामागच्या भिंतीला एक खुंटी होती, रिकामी. समोर मुख्य खटका.

खटक्याला एक कुलूप लटकत होतं.

धाकटी पुढे झाली. पण कुलूप पितळी नव्हतं. काळं, पोलादी, त्यावर पांढऱ्या रंगाने काढलेली छोटीशी होडी.

"हे कोणाचं?" तिने विचारलं.

"कप्तानचं," गाईड पोरगी म्हणाली. "त्यांच्या कुलपावर होडी असते."

व्यवस्थापकाला यात वावगं काय आहे हेच कळलं नव्हतं. "कप्तान, काढ ते कुलूप आणि घे खाली," तो म्हणाला.

कप्तान जागचा हलला नाही.

धाकटी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. ओरडायची तिच्यात ताकदच उरली नव्हती. "कप्तान, माझ्या बाबांचाही हाच धंदा. मी जेवताना हेच ऐकत मोठी झाले. कुलूप लटकतंय म्हणजे खाली माणूस आहे. तुमचं कुलूप इथे आहे आणि तुम्ही तर बाहेर बसलाय. तुमच्या धंद्यात असं कोणी कधी करत नाही. मग सांगा ना, खाली कोण आहे?"

कप्तान गळ्यातली किल्ली मुठीत धरून खाली बघत राहिला.

"तुम्ही मघाशी विचारलंत, वडलांना ऐकायला येतं का. हरवलेल्या माणसाबद्दल लोक विचारतात उंची किती, कपडे कोणते. तुम्हाला कानांचं का पडलं होतं? कारण तुम्ही हाक मारलीत आणि उत्तर आलं नाही."

"आलं नाही," कप्तान म्हणाला. मग बांध फुटला. "चहा पिऊन आलो तर खटक्याला एक जुनं पितळी कुलूप. आमचं कोणाचंच नव्हे. वाटलं, सहलीतल्या कोणा कारट्याने गंमत केली. दारातून हाक मारली. दोनदा मारली. उत्तर नाही. वर तालमीची माणसं खोळंबली होती, साहेबांचा फोनवर फोन. कटर घेतला आणि कापलं, ताई. जन्मात कधी दुसऱ्याच्या कुलपाला हात लावला नव्हता. मजला घेतला, या खोलीचं दार लोटलं, आणि दारामागे खुंटीला तो कोट."

दादा त्याच्या अंगावर धावून गेला. इन्स्पेक्टर बाईंनी त्याला धरलं.

"तेव्हाच मजला वर का नाही घेतला?" धाकटीने विचारलं.

"वर माणसं होती..." कप्तान थांबला. "नाही, खोटं कशाला बोलू? वर घेतला असता तर बघावं लागलं असतं. ती कात्री मिटताना मधे कोणी असलं तर काय उरतं ते मला माहीत आहे. कोट घेऊन बाहेर गेलो तेव्हा मी माणसात नव्हतो. पण संध्याकाळ व्हायला लागली तसं वाटलं, आता मजला तळाला जाणार, त्यांच्यावर. ते काही माझ्याच्याने होईना. दुसऱ्या कोणी चालवू नये म्हणून माझं कुलूप लावलं."

"म्हणजे तेव्हापासून तुम्ही आत डोकावलासुद्धा नाहीत?"

त्याने मान हलवली.

धाकटी उठली. भिंतीवरचा मोठा पाना तिने उचलला आणि बोळातून खड्ड्याच्या दाराशी गेली. दार अडकलेलं. चौकट लोखंडी, आतल्या रुळांनाच जोडलेली. तिने पान्याने चौकटीवर वाजवलं. दोन हळू, एक जोरात.

काही नाही.

पुन्हा वाजवलं. दादा येऊन शेजारी उभा राहिला होता आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं त्याने. तिसऱ्यांदा वाजवलं, चौथ्यांदा वाजवलं. "बाबा, अहो वाजवा ना," ती म्हणत होती, जसं काही त्यांना ऐकूच जाणार होतं. मग मोजायचं सोडून नुसतं वाजवतच राहिली, पाना हातातून निसटेपर्यंत.

पाना जमिनीवर पडला. त्याचा आवाज विरला आणि मग लोखंडातून, फार लांबून आल्यासारखं, ऐकू आलं. दोन हळू. एक जोरात.

७

"कुलूप काढा," धाकटी कप्तानला म्हणाली. "तुमचं आहे, तुम्हीच काढायचं."

त्याची किल्ली भोकात जाईना. कोणी मदत केली नाही, करायची नसतेच. शेवटी कुलूप निघालं. वरच्या खुर्च्या लावणाऱ्यांना बाहेर काढलं आणि मजला केसाकेसाने वर जायला लागला. डावीकडून कुठेतरी एक चाक करकरत होतं. मजला वर पोचेपर्यंत धाकटी दाराला कान लावून उभी होती.

दार उघडलं.

बाबा डाव्या कोपऱ्यात, त्या कोरड्या चाकाशेजारच्या भिंतीच्या खाचेत बसले होते. हात कोपरापर्यंत काळे, एक पाय विचित्र वळलेला, ओठ निळे पडलेले. पण डोळे उघडे होते. यंत्र चालू झालं तर माणसाने कुठे शिरायचं, हे त्यांच्या अंगाला अजून माहीत होतं.

दादाने त्यांना पाठुंगळी घेतलं आणि बोळात त्याच बाकावर आणून बसवलं. धाकटीने कोट पांघरला, यंत्र कानात घातलं. बाबा ढसाढसा रडत होते. आईच्या वेळीसुद्धा ते असे रडले नव्हते.

"बाबा, दुखतंय का? ॲम्ब्युलन्स येतेय."

"चूक माझी आहे," बाबा म्हणाले. "मजला खाली आला. म्हणजे मी कुलूप लावायला विसरलो. अंधारात बसून आठवत होतो. लावलं असं वाटतंय, पण लावलं असतं तर तो आला असता का? नाही ना? बाकी सगळं विसरतो ते ठीक आहे गं. पण हेही? हेही गेलं?"

धाकटीने वळून पाहिलं. कप्तान इन्स्पेक्टर बाईंच्या शेजारी उभा होता. त्याने डगल्याच्या खिशात हात घातला. दिवसभर त्याला नदीत टाकवलं नव्हतं ते काढलं आणि बाबांसमोर जमिनीवर बसून दोन्ही हातांनी पुढे केलं. पितळी कुलूप. वरची कडी मधोमध कापलेली.

"तुम्ही लावलं होतं, मिस्त्री," कप्तान म्हणाला. "मी कापलं. तुम्ही विसरला नव्हता."

बाबांनी रडणं थांबवलं. कुलूप हातात घेतलं, फिरवून पाहिलं, कापलेल्या जागी अंगठा फिरवला. मग गळ्यातली किल्ली ओढून काढली आणि त्या मोडक्या कुलपाला लावली. किल्ली फिरली. कडीचा अर्धा तुकडा टपकन मांडीवर पडला.

"लावलं होतं," बाबा म्हणाले.

"हो बाबा."

"मी लावलं होतं!" त्यांनी दादाला सांगितलं. इन्स्पेक्टर बाईंना सांगितलं. व्यवस्थापक तोंड लपवून उभा होता, त्यालाही बोलावून सांगितलं. कप्तानकडे मात्र ते सगळ्यांत शेवटी वळले.

"कापायचं नसतं रे," ते म्हणाले. "हाक मारून उत्तर आलं नाही तर आत जाऊन बघायचं असतं."

कप्तान तिथेच डोकं गुडघ्यांत घालून बसला. त्याला उठवायला दोन शिपाई लागले.

इन्स्पेक्टर बाईंनी पुरावा म्हणून कुलपासाठी हात पुढे केला आणि बाबांची मूठ बघून मागे घेतला. "उद्या येऊन नेते," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मजला खाली आला नाही. श्रोते परत गेले, आणि जाताना कुरकुरत गेले.

ॲम्ब्युलन्समध्ये बाबांनी मूठ सोडली नव्हती. निम्म्या वाटेत त्यांची नजर पुन्हा विरघळायला लागली. त्यांनी धाकटीकडे पाहिलं आणि ही कोण, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर उमटला. मग ते काळजीने म्हणाले, "बाई, मी कुलूप लावलं होतं का हो?"

"लावलं होतं," धाकटी म्हणाली. तिने त्यांची मूठ उघडून त्यांना कुलूप दाखवलं आणि मग ते कोटाच्या डाव्या खिशात घातलं. अस्तर फाटकं होतं, म्हणून खालून हात लावून धरून ठेवलं.